चित्रांतील आरसा आणि त्याची साक्ष

कागदाची परीक्षा कशी करावी हें आपल्या संशोधकांस नव्यानें सांगावयास नको. शिक्का कोणता, मोर्तब कोठें, हात कोणाचा, मिति व वार जुळतात कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून कोणीही जाणता संग्राहक एखादें पत्र अस्सल म्हणून पुढें करीत नाहीं. चित्र हातीं आलें म्हणजे मात्र हीच चिकित्सक मंडळी एकाएकीं भाविक होतात. चित्रांत तरवार उजव्या कमरेस दिसली कीं धनी डावखुरा ठरतो; मागें आरसा असला कीं त्यांत दिसणारीं माणसें त्या प्रसंगीं हजर होतीं असें ठरतें; पाण्यांत शिखर उमटलें कीं छायाचित्रकारानें जसें होतें तसेंच टिपलें असें ठरतें. प्रतिबिंब खोटें बोलत नाहीं ही आपली लहानपणापासूनची समजूत या भोळेपणाच्या मुळाशीं आहे. प्रस्तुत लेखांत या समजुतीची झडती घेण्याचा आमचा विचार आहे. उदाहरणें बहुतेक परदेशांतील घेतलीं आहेत, कारण त्या चित्रांवर जितका खल झाला आहे तितका आपल्याकडील चित्रांवर क्वचितच झाला असेल. खल मोठा झाला कीं त्यांतील खोड्याही स्पष्ट दिसतात.

प्रथम यान व्हान आइक या फ्लेमिश चित्रकाराचें १४३४ सालचें चित्र घेऊं. लंडनच्या नॅशनल गॅलरीनें तें १८४२ सालीं आपल्या संग्रहांत घेतलें. ओकच्या फळीवर तैलरंगांत काढलेलें हें चित्र उंचीस सुमारें ८२ व रुंदीस ६० सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या लहानशा खिडकीएवढें आहे. खोलींत एक पुरुष व एक स्त्री उभीं आहेत. पुरुषानें तिचा हात आपल्या हातांत घेतला आहे. पायांशीं एक केंसाळ कुत्रा आहे. आणि मागील भिंतीवर एक बहिर्गोल आरसा टांगलेला आहे. आरशाच्या चौकटीवर ख्रिस्ताच्या यातनांचे दहा इवलेसे प्रसंग रंगविले आहेत. आरशांत त्या जोडप्याच्या पाठी, डावीकडील खिडकी, आणि दारांत उभ्या असलेल्या आणखी दोन व्यक्ती, एक निळ्या व एक तांबड्या वस्त्रांतील, दिसतात. आरशाच्या वर भिंतीवर लपेटदार अक्षरांत लॅटिन लेख आहे, त्याचा अर्थ असा कीं, योहानेस द आइक येथें होता, १४३४.

साल, सही व साक्षीदार हीं तिन्ही एका ठिकाणीं सांपडल्यावर कोणाही दफ्तरी मनुष्याचा हात लेखणीकडे जावयाचाच. ऐर्विन पानोफ्स्की या थोर कलेतिहासज्ञानें १९३४ सालीं, म्हणजे चित्रास बरोबर पांचशें वर्षें झालीं त्या वर्षीं, ‘बर्लिंग्टन मॅगझिन’ मध्यें असा सिद्धांत मांडला कीं, हें नुसतें चित्र नसून विवाहाचा दस्तऐवजच आहे. आरशांतील दोन इसम हे त्या विवाहाचे साक्षीदार व भिंतीवरील लेख ही एका साक्षीदाराची सही. वधूवर कोण, तर इटलींतील लुक्का येथील व्यापारी ज्योव्हानी दि आर्रीगो आर्नोल्फिनी व त्याची पत्नी ज्योव्हान्ना चेनामी. सिद्धांत मोठा डौलदार होता. खोलींतील प्रत्येक वस्तूस त्यानें कामास लाविलें. कुत्रा एकनिष्ठेचें चिन्ह झाला, दिवसा जळणारी एकुलती मेणबत्ती देवाची दृष्टि झाली. पुढें दोन पिढ्यांनीं हें चित्र याच डोळ्यांनीं पाहिलें.

हा डौल कोसळला तो एका रुक्ष नोंदीमुळें. १९९७ सालीं फ्रेंच संशोधक झाक पाव्हियो यानें असें दाखवून दिलें कीं, या ज्योव्हानी दि आर्रीगोचें ज्योव्हान्नाशीं लग्न लागलें तें १४४७ सालीं. चित्रावरील साल १४३४. चित्रकार वारला १४४१ सालीं. लग्नाच्या तेरा वर्षें आधीं सही करून ठेवणारा व लग्नापूर्वीं सहा वर्षें मृत झालेला साक्षीदार कोणत्याही न्यायसभेंत उभा राहूं शकत नाहीं. आतां बहुतेक जाणकार चित्रांतील पुरुष हा त्याचा चुलतभाऊ ज्योव्हानी दि निकोलाओ असावा असें मानतात. या दुसऱ्याची पत्नी कोस्तांझा त्रेंता १४३३ च्या आरंभापूर्वींच निवर्तली होती. म्हणून कांहींच्या मतें ही त्याची नोंद न राहिलेली दुसरी बायको, तर कांहींच्या मतें हें मृत पत्नीचें स्मरणचित्र. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, आरशांतील दोन आकृतींना ‘साक्षीदार’ हें नांव आरशानें दिलें नव्हतें, तें वाचणारानें दिलें होतें. त्या आकृतींचीं तोंडेंसुद्धां ओळखूं येत नाहींत. त्यांतील एक स्वतः चित्रकार असें म्हणण्याचा प्रघात आहे. पण त्याच्यापुढें ना फळी आहे ना हातांत कुंचला.

वाचणाराच्या कल्पनेची ही खोड पानोफ्स्कीपासून सुरू झाली असेंही नव्हे. हें चित्र पूर्वीं स्पेनच्या राजघराण्याच्या मालकीचें होतें व १७०० सालच्या राजवाड्याच्या यादींत त्याचें वर्णन आलें आहे. त्या यादीच्या कारकुनास चित्रांतील स्त्री गरोदर जर्मन बाई वाटली, आणि दोघांचें रात्रीं लग्न लागत आहे असें दिसलें. खिडकींतून स्वच्छ उजेड येत आहे, व स्त्रीनें त्या काळच्या चालीप्रमाणें झग्याचा घोळ पोटाशीं उचलून धरला आहे, याकडे त्याचें लक्ष गेलें नाहीं. यादी करणारांचीं वर्णनें पुराव्यांत घेतांना किती जपावें लागतें हें आपल्याकडील जामदारखान्याच्या याद्या चाळणारांस ठाऊक आहेच.

आतां खुद्द आरशाचा जबाब घेऊं. दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेंत आरशास जमीन दिसते. तेथें तो कुत्रा उमटावयास हवा होता. तो नाहीं. अवरक्त किरणांनीं रंगाखालील आरेखन तपासतां असें आढळलें आहे कीं, दोघांचे चेहरे, आरसा वगैरे ठिकाणीं चित्रकारानें फेरफार केले आहेत, आणि कुत्रा तर आरेखनांत मुळींच नसून रंग भरतांना मागाहून घातला आहे. यावरून आमचें अनुमान असें कीं, आरशाची योजना ठरली तेव्हां कुत्रा अस्तित्वांत नव्हता, व तो आल्यावर आरशाची दुरुस्ती करण्याची गरज चित्रकारास वाटली नाहीं. म्हणजे हा आरसा त्या खोलीचें प्रतिबिंब नव्हे. तो चित्रकारानें स्वतंत्रपणें रचलेला दुसरा मजकूर आहे. दुसऱ्या मजकुराची भाषा मात्र विलक्षण अचूक आहे. बहिर्गोल पृष्ठावर खिडकीची चौकट कशी वांकते, तुळया कशा आकसतात, उजेड कडेस कसा दाटतो, हें पाहून व्हान आइकच्या डोळ्यापुढें हात जोडावेसे वाटतात. परंतु अक्षर सुंदर म्हणून मजकूर खरा असें कोणी म्हणत नाहीं.

याच स्पेनच्या राजवाड्यांत वावरणाऱ्या दिएगो व्हेलास्केझनें १६५६ सालीं आपलें प्रख्यात चित्र ‘लास मेनिनास’ काढलें. तें आज माद्रिदच्या प्राडो संग्रहालयांत आहे. (हें नांवही चित्रकाराचें नव्हे, १८४३ च्या संग्रहसूचींत तें प्रथम आलें.) तीन मीटरांहून अधिक उंचीच्या या पटांत लहान राजकन्या, तिच्या सख्या, दोन बुटके, एक कुत्रा, व डावीकडे भल्या मोठ्या पटापुढें उभा असलेला स्वतः चित्रकार आहे. मागील भिंतीवर आरशांत राजा चौथा फिलिप व राणी मारियाना यांचीं मुखें अंधुक उमटलीं आहेत. राजाराणी कोठें आहेत? सोपें उत्तर असें कीं, जेथें आपण पाहणारे उभे आहों तेथेंच. म्हणजे चित्रकार त्यांस रंगवीत आहे व आपण त्यांच्या जागीं आहों. मिशेल फूको या फ्रेंच तत्त्वज्ञानें १९६६ सालीं या उत्तरावर मोठें सुंदर विवेचन उभारलें, आणि त्यामुळें तें जगभर पसरलें.

परंतु दोरी धरून पाहिलें असतां तें टिकत नाहीं. उजव्या भिंतीच्या व छताच्या रेषा लांबवीत नेल्या तर त्या आरशापाशीं मिळत नाहींत. त्या मागच्या उघड्या दारांत, जेथें होसे नियेतो हा राजवाड्यांतील अधिकारी पायरीवर उभा आहे तेथें मिळतात. म्हणजे पाहणाराचा डोळा दारासमोर, आरशाच्या उजवीकडे आहे. उजवीकडून पाहणारास आरशांत दिसणार तें डावीकडचें. आणि डावीकडे आहे तो चित्रकाराचा पट. तेव्हां आरशांत उमटले आहेत ते राजाराणी नव्हेत, पटावर रंगविलेले राजाराणी होत. १९८० सालीं स्नायडर व कोहेन या दोघां अमेरिकन पंडितांनीं हें सविस्तर मांडलें. पण मौज अशी कीं, पालोमिनो या स्पॅनिश चरित्रकारानें १७२४ सालींच तसें लिहून ठेविलें होतें. आपण पालोमिनोस बखरकार म्हणूं. घटनेनंतर अडुसष्ट वर्षांनीं लिहिणारा. येथें बखर व भूमिति यांचें मत एक पडतें, आणि तत्त्वज्ञ एकटा राहतो. असा राजाराणीचा जोडचित्रपट व्हेलास्केझनें काढल्याचें मात्र कोठें आढळत नाहीं. म्हणजे प्रतिबिंब खरें, पण ज्याचें प्रतिबिंब तें मूळच कल्पित! आमच्या मतें या चित्राची थोरवी हीच आहे. व्हान आइकनें आरशाकडून अचूकपणा घेतला. व्हेलास्केझनें त्यास विचार करावयास लाविलें.

एदुआर माने याच्या १८८२ च्या ‘फोली-बेर्झेर’ येथील मद्यालयाच्या चित्राचा उल्लेख थोडक्यांत करितों. लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहांतील या चित्रांत विक्रेती तरुणी समोर उभी आहे व तिच्या मागें भिंतभर आरसा. पण तिचें प्रतिबिंब बरेंच उजवीकडे सरकलें असून तिच्यापुढें एक टोपीवाला गृहस्थ उभा दिसतो, जो आरशाबाहेर कोठेंच नाहीं. तत्कालीन विनोदी पत्रानें त्या गृहस्थास चित्रांत आणून बसवून मानेची ‘चूक’ दुरुस्त केली होती. क्ष-किरणांनीं दिसून आलें आहे कीं, मानेनें प्रतिबिंब प्रथम जवळ काढलें होतें व मग तें मुद्दाम उजवीकडे सारीत नेलें. २००१ सालीं माल्कम पार्क यानें छायाचित्राच्या साह्यानें दाखविलें कीं, पाहणारा समोर नसून उजवीकडे तिरपा उभा आहे असें धरलें तर बहुतेक मांडणी जुळते, व तो गृहस्थ तरुणीशीं बोलत आहे हा केवळ भास ठरतो. ही उपपत्ति चतुर आहे, पण आम्हांस ती वकिलीसारखी वाटते. ज्यानें हातानें प्रतिबिंब सरकविलें त्यास निर्दोष ठरविण्याचा हव्यास कशाला? त्यानें खोटें लिहिलें, व तें त्याच्या चित्रास शोभलें.

चित्रकाराच्या आरशास असें सोडून देतां येतें, कारण तो कधीं शपथेवर बोलत नव्हता. छायाचित्राची गोष्ट निराळी. येथें किरणच लेखनिक असतो. म्हणून येथें प्रथम एक भ्रम दूर करावयास हवा. आरसा डावें-उजवें बदलतो असें आपण म्हणतों. वास्तविक तो पुढचें-मागचें बदलतो. आरशासमोर उभें राहून उजवा हात उचलला तर प्रतिबिंबांतही त्याच बाजूचा हात उचलला जातो. आपण त्या आकृतीच्या अंगांत शिरून तिचा तो डावा हात समजतों. दगेर यानें १८३९ सालीं पॅरिसमध्यें जाहीर केलेल्या पद्धतींत चांदीचा मुलामा दिलेला घोटीव पत्रा हेंच अखेरचें चित्र असे. त्यावरून दुसरी प्रत निघत नसे. त्या पत्र्यावर उमटणारी छाया आरशांतल्यासारखी उलटी असे. दगेरनें १८३८ च्या सुमारास टिपलेला पॅरिसमधील रस्त्याचा प्रसिद्ध देखावा, ज्यांत बूट पुसून घेणारा एक मनुष्य तेवढा स्थिर राहिल्यानें उमटला आहे, तोही असाच उलटा आहे. पुढें कांहीं कारागीर भिंगापुढें लोलक किंवा आरसा बसवून ती छाया सुलटी करीत. सर्वच करीत नसत. शिवाय तो पत्रा स्वतः आरसाच असल्यामुळें हातांत धरून पाहणारास आपलें तोंड मयताच्या तोंडावर पडलेलें दिसतें. नीट पाहावयाचें तर पत्र्यापुढें कांहीं काळें धरावें लागतें.

हा उलटेपणा न ओळखल्यानें काय होतें याचें एक उदाहरण सुप्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील बिली द किड या नांवाच्या दरोडेखोराचें १८८० च्या सुमाराचें लोखंडी पत्र्यावरील एक चित्र आहे. त्यांत पिस्तूल डाव्या कमरेस दिसतें. त्यावरून हा गडी डावखुरा ठरला, तशाच कथा झाल्या, व १९५८ सालीं त्याच्या डावखुरेपणाचें नांव दिलेला चित्रपटही निघाला. वास्तविक लोखंडी पत्र्यावरील चित्रही दगेरच्या पत्र्याप्रमाणें उलटेंच असतें. या खटल्याचा निकाल बंदुकीनें लाविला: त्याच्या हातांतील विंचेस्टर बंदुकीचें काडतुसें भरण्याचें दार चित्रांत डाव्या अंगास दिसतें, आणि तें दार कारखान्यांत उजव्या अंगासच केलें जात असे. चित्र उलटें आहे; पिस्तूल उजव्या कमरेसच होतें. ज्यांच्या संग्रहांत शस्त्रें आहेत त्यांस अशा पुराव्याची किंमत सांगावयास नको.

पाण्यांतील प्रतिबिंबाचा उपयोग याहून नाजूक आहे. पुष्कळांस वाटतें कीं, पाण्यांतील देखावा म्हणजे वरचाच देखावा पालथा घातलेला. तसें नाहीं. पाणी आपल्यास ती वस्तु पाण्याखालीं असलेल्या डोळ्यानें पाहिल्यासारखी दाखवितें. घाटावरील वाड्याचा सज्जा समोरच्या तीरावरून पाहिला तर त्याची कड तेवढी दिसेल. प्रतिबिंबांत त्याच्या खालचे दांडे व तीर अधिक दिसतील. वाई-नाशिकच्या घाटांचीं जुनीं छायाचित्रें पाहतांना भिंगाखालीं प्रथम पाणी पाहावें असें आम्ही सुचवितों. पडलेल्या सज्ज्याच्या लांकडी कामाची माहिती वर नसली तरी खालीं सांपडण्याचा संभव असतो. उलटपक्षीं, एखाद्या रंगविलेल्या देखाव्यांत प्रतिबिंब वरच्या आकृतीची हुबेहूब पालथी नक्कल असेल तर तो देखावा जागेवर बसून काढलेला नसून घरीं पुरा केला आहे असा संशय घेण्यास हरकत नाहीं.

आकाशाचेंही तसेंच. १८५१ नंतर प्रचारांत आलेली ओल्या कांचेची पद्धति निळ्या किरणांस फार लवकर वश होत असे, म्हणून जमीन उठून येईतों आकाश कोरें पांढरें होई. फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे यानें १८५६-५७ च्या समुद्रदृश्यांत यावर तोड काढली ती अशी कीं, पाण्यासाठीं एक कांच व ढगांसाठीं दुसरी, आणि दोन्ही एकाच कागदावर जुळवून छापावयाचीं. तेच ढग त्याच्या निरनिराळ्या समुद्रांवर तरंगतांना सांपडतात. सबब, आकाशांत ढग दाट व खालच्या स्थिर पाण्यांत त्यांची खूणही नाहीं, असें दिसल्यास त्या छायाचित्रास जोडपत्र समजावें. अर्थात् ल ग्रेस आम्ही कूटकार म्हणत नाहीं. त्यानें चित्र केलें होतें, पुरावा नव्हे.

पुरावा करण्याची प्रतिज्ञा केलेला मनुष्य म्हणजे पॅरिसचा एझेन आत्जे. जुन्या पॅरिसचे जिने, दारें, दुकानें तो वर्षानुवर्षें टिपीत राहिला, आणि १९२० सालीं त्यानें आपल्या २६२१ कांचा १०,००० फ्रँकांस फ्रेंच सरकारास दिल्या. आपल्या चित्रांस तो ‘दस्तऐवज’ हाच शब्द वापरी. त्याच्या १९०८ सालच्या एका मद्यगृहाच्या चित्रांत दाराच्या कांचेमागून दोन चेहरे बाहेर पाहत आहेत, आणि त्याच कांचेवर त्याच्या स्वतःच्या तिपाईवरील यंत्राची छाया पडली आहे. व्हान आइकनें ‘मी येथें होतों’ असें अक्षरांनीं लिहिलें. आत्जेनें तें लिहिलें नाहीं, तरी त्याच्या यंत्रानें लिहून ठेविलें. छायाचित्रांतील प्रतिबिंबाचें खरें मोल आमच्या मतें अशा अनवधानाच्या ठिकाणीं आहे. जें मुद्दाम दाखविलें तें वादीचें म्हणणें. जें नकळत उमटलें तो त्रयस्थ साक्षीदार.

आपल्याकडे प्रतिबिंबास मुखत्यारी देण्याची चाल जुनी आहे. पुरीस जगन्नाथाच्या लांकडी व रंगविलेल्या मूर्तींस रोज पाणी घालणें शक्य नसल्यानें नित्याचें स्नान आरशांतील प्रतिबिंबास घालतात. चित्रांतही तीच वृत्ति दिसते. रागमालेंतील विलावल रागिणी कर्णभूषण घालतांना सखीनें धरलेल्या आरशांत पाहते. नायिका एका अंगानें दिसत असतां आरशांतील मुख पुष्कळदां पाहणाराकडे वळवून दाखविलेलें असतें, जें किरणांच्या नियमानें घडणार नाहीं. यावरून आपल्या चित्रकारांस दृष्टिशास्त्राचें ज्ञान नव्हतें असें लिहिणारे लेखक आहेत. त्यांनीं व्हेलास्केझचीच आरसा पाहणारी व्हीनस पाहावी. तिचें मुख आपणांस आरशांत दिसतें, याचा अर्थ तिला आरशांत आपण दिसतों, ती स्वतः नव्हे. तेथें त्यास खुबी म्हणावयाचें आणि येथें अज्ञान, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

आतां मुद्याची गोष्ट. आपल्या संग्रहांतील किती तरी चित्रें निर्मितीच्या रीतीमुळेंच उलट होण्याचा संभव असलेलीं आहेत. काचचित्र मागील बाजूनें रंगवितात. डोळे, दागिने, कशिदा आधीं व पार्श्वभूमीचा रंग शेवटीं. आणि कांचेखालीं नमुना ठेवून तो गिरविला तर पुढून पाहणारास तो उलटा दिसतो. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलें चित्र कागदावर उलटें उतरतें. शिळाछापाचेंही तेंच, १८७८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या चित्रशाळेच्या छापांची पारख करणारानें दगडावर लिहिणाराची अडचण ध्यानीं ठेविली पाहिजे. कोरणारा दक्ष असला तर तो आधींच उलटें कोरून ठेवी, नसला तर नाहीं. म्हणून नियम सांगतां येत नाहीं, प्रत्येक प्रत पाहावी लागते.

वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं शिवछत्रपतींचें डच परंपरेंतील चित्र पुढें आणून तोंवर महाराजांचें म्हणून चाललेलें भलत्याच सरदाराचें चित्र बाजूस सारलें, हें सर्वश्रुत आहे. चित्राचा धनी ठरविण्याइतकाच त्याचा डावा-उजवा ठरविणें हाही चिकित्सेचा भाग आहे. परदेशी ग्रंथांतील कोरीव चित्रावरून एखाद्या पुरुषाची तरवारीची बाजू, हातांतील वस्तु किंवा जाम्याच्या बंदांची बाजू काढूं नये, जोंवर मूळ हस्तचित्र समोर नाहीं. जाम्याच्या बंदांवर तर हिंदु कोण व मुसलमान कोण हें ठरविण्याची रीत आहे. हिंदूंचे बंद डाव्या अंगास व मुसलमानांचे उजव्या. चित्र उलटें छापलें कीं मनुष्याचा धर्म बदलतो!

हें केवळ जुन्या कोरीव कामापुरतें नाहीं. कांचेच्या निगेटिव्हाची मसाल्याची बाजू कागदाकडे न ठेवतां उलटी ठेवली कीं अगदीं अलीकडचीं पुस्तकेंही उलटीं चित्रें छापतात. दुकानाची पाटी, पगडीचा कोंका, अंगरख्याचा बंद, बंदुकीचा घोडा, यांपैकीं एखादी खूण प्रत्येक चित्रांत बहुधा असते, ती शोधावी. आणि संग्रहाच्या यादींत चित्र कशावर आहे, मूळ कीं उतारा, व सुलटें कीं उलटें, हें त्याच्या नांवाशेजारींच लिहावें. छापील चित्रें मुळाशीं ताडून पाहण्याचें काम ज्यांच्याकडे त्या मूळ कांचा आहेत त्यांसच करतां येईल, आणि आपल्या पावसाळी हवेंत त्यांवरील मसाल्याचा थर कडेपासून सुटूं लागला म्हणजे पाटीवरचीं अक्षरें बहुधा आधीं जातात.